शीत

१६ डिसेंबर, रात्री

आज विजय दिवस. आबांची पत्र्याची पेटी काढली. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी आत अजून कापराचा वास आहे. तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. आबांची पत्रं त्यांच्या आईने, म्हणजे आजीने जपली, आजीची आबांनी.

एक निळं अंतर्देशीय १२-१२-७१ चं. गावाचं नाव कुठेच नाही, नुसती पलटण आणि ‘मार्फत ९९ एपीओ’, म्हणजे लष्करी टपालघर.

‘तीर्थरूप आईस बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. मी येथे खुशाल आहे. शाळूचा हुरडा आला असेल. तांबड्याचा खांदा आला होता, तो बरा झाला का? तोवर त्यास जुंपू नये. धाकट्यास थंडीत अनवाणी शाळेत धाडू नये.’

अख्ख्या पत्रात लढाईचा एक शब्द नाही.

आबा जंगी पलटणीत होते, पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत. १० डिसेंबरच्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या जमालपुरातून निसटू पाहणारी पाकिस्तानची ३१ बलूच पलटण टांगाईलच्या रस्त्यावर यांच्याच मोर्च्यांवर चालून आली. रात्रभर गोळीबार झाला, आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. हे मला पुस्तकांतून कळलं. आबांनी घरात तो विषय कधीच काढला नाही. तशा रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी माणूस बैलाच्या खांद्याची चौकशी करतो! आईला घोर नको म्हणून बाकीचं गाळलं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज वाचताना वाटलं, त्या दिवशी ते मनाने गोठ्यातच उभे असतील.

आजीला अक्षरओळख नव्हती. शाळेतले गुरुजी ओसरीवर बसून पत्र वाचायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. भले माणूस, आजीचं बोलणं त्यांनी कधी ‘शुद्ध’ केलं नाही. ‘तांबड्या बरा हाय. तुज्यावाचून हुरडा भाजला न्हाई. तू पोटभर जेवतोस का, त्ये एकाबी पत्रात लिवत न्हाईस.’

हे पत्र इतक्यांदा उघडलंय की घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झालेत. आबांनी मागून वहीच्या कागदाच्या पट्ट्या लावल्यात. दिव्याखाली उलटं धरलं, तर एका पट्टीच्या कडेला काहीतरी टोचलं. भाताचं शीत. वाळून पिवळं पडलेलं, पण अख्खं. डिंक कुठला मिळायला तिथे, ताटातल्या भातानेच चिकटवलं होतं.

नखाने काढायला गेले आणि तसंच राहू दिलं.