बॉयकॉटच्या गावाला जाऊन आलो

बॉयकॉट म्हटलं की आपल्याला एक तर बहिष्कार आठवतो, नाहीतर दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडणारा तो इंग्लिश ओपनर. मूळचा बॉयकॉट मात्र आयर्लंडच्या मेयो काउंटीत, लॉक मास्क तलावाकाठी राहायचा. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, लॉर्ड अर्नचा कारभारी.

१८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० च्या वर जाईना. बॉयकॉटने जमिनी सोडण्याच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा बायकांनी नोटीसवाल्यावर चिखल-दगड फेकून त्याला पिटाळलं. मग द नील गावाने कॅप्टनला सरळ वाळीत टाकलं. गडीमाणसं गेली, दुकानदार माल देईना. शेवटी बटाटे-सलगम काढायला बाहेरून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई! सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड गेले म्हणतात. 'बॉयकॉट' हे क्रियापद रुळवण्याचं श्रेय इथले पाद्री फादर जॉन ओमॅली यांना देतात. पुढे २५ वर्षांनी स्वदेशीच्या चळवळीत आपणही तेच हत्यार उपसलं.

हे आधी वाचून जा, नाहीतर गावात चार घरं, दगडी कुंपणं आणि गाई एवढंच दिसेल. बॉयकॉटचं घर खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघा. एका शेतात ब्राउन जमीनदारांनी १८व्या शतकात बांधलेला पायऱ्यांचा पिरॅमिड उभा आहे. कुळं खंडाने पिचलेली आणि मालकाला हौस पिरॅमिडची!

इथून काँग गावापर्यंतच्या माळाला मोयटुरा म्हणतात. फिर बोल्ग आणि तुआहा दे दानन या दोन जमातींची लढाई इथेच झाली, अशी आख्यायिका. त्यात नुआदा राजाचा हात तुटला, मग वैद्याने त्याला चांदीचा बसवला. ऑस्कर वाइल्डचे वडील, डॉक्टर विल्यम वाइल्ड, यांनी इथल्या एकेका दगडाच्या राशीला त्या लढाईतला प्रसंग जोडून टाकला. मला ते जरा ओढूनताणून वाटलं, पण पावसात त्या राशीपुढे उभं राहिल्यावर वाद घालावासा वाटेना.

गाडी गॉलवेहून भाड्याने घ्या, तासाभराचा रस्ता. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, फक्त रस्ते बोळांएवढे. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसात, नाही, व्हिसा वेगळा काढावा लागतो. गमबूट न्याच. मी कॅनव्हासचे बूट घातले आणि दोन दिवस ते हीटरवर वाळवत बसलो. शेताचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, आणि आत शिरण्याआधी कळपात बैल आहे का ते बघा. आमच्या कळपात होता.