गेम लावला की पीसी ढप्प (माझा अनुभव)

होळीच्या आठ दिवस आधी मी सेकंडहँड ग्राफिक कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०७०. विकणारा इंजिनिअरिंगचा पोरगा, फायनल इयरचा, त्याला पैसे पाहिजे होते आणि मला कार्ड. त्याच्या रूमवर जाऊन चालवून पाहिलं, घरी आणून लावलं, आणि होळीपर्यंत अगदी मस्त चाललं. त्याआधी माझ्याकडे जीटीएक्स १६५० होतं, त्याच्यापुढे हे म्हणजे लुनावरून उठून डायरेक्ट बुलेटवर बसल्यासारखं.

मग एप्रिल लागला आणि पीसी खेळता खेळता बंद पडायला लागला. हँग नाही, निळी स्क्रीन नाही, काहीच नाही, सायबरपंकसारखा जड गेम सुरू असताना एकदम काळोख, आणि पाच-सात सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू. सकाळी खेळलो तर दोन तास काही नाही. संध्याकाळी सातनंतर मात्र हमखास, कधी दहा मिनिटांत तर कधी दीड तासाने. व्हॅलोरंट हा हलका गेम खेळताना पूर्ण महिन्यात एकदाही झालं नाही, आणि मी त्यावरून हुशारीने निष्कर्ष काढला की कार्डावर लोड आला की कार्ड मरते, म्हणजे कार्डच खराब. मित्रांनी तर पहिल्या दिवशीच निकाल लावून टाकला होता, "मायनिंगचं असंल बे, घेतानाच सांगितलं होतं तुले," म्हणजे क्रिप्टोसाठी रात्रंदिवस जुंपलेलं कार्ड.

तरी सगळं रीतसर केलं, म्हणजे यूट्यूबवर जे जे सांगतात ते. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्राम) कार्डाचा ड्रायव्हर साफ काढला, नवीन टाकला, मग जुना टाकला. फरक शून्य. एचडब्ल्यूइन्फो लावून टेंपरेचर पाहिलं, कार्ड ७८ आणि हॉटस्पॉट, म्हणजे कार्डातली सगळ्यात तापलेली जागा, ९२, बाहेर ४४ असताना अजून काय पाहिजे, मला तर ते ठीकच वाटलं, पण घरच्यांना नाही. बाबांचं ठाम मत की गरम होते म्हणून बंद पडते. मग साइड पॅनल काढून कॅबिनेटचं तोंड खोलीतल्या कूलरसमोर केलं. दोन दिवसांनी मदरबोर्डवर हात लावून पाहिला तर ओलसर लागला, कारण आमचा कूलर म्हणजे ताट्या, पंप, पाणी, सगळं आत फेकणारा जुना लोखंडी दणकट कूलर. लगेच पॅनल परत बसवलं. कृपा करून हे कोणी करू नका.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर रॅम तपासली, चार पास, एरर शून्य. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, बंद करून पाहिलं. प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली, सुकलेलीच होती, म्हणजे तेवढं तरी काम सत्कारणी लागलं. कार्डाला पीएसयूमधून (पीसीच्या आतला वीज देणारा डबा) एकच वायर होती जिच्या टोकाला दोन आठ-पिनचे तोंड असतात, ती काढून दोन वेगळ्या वायरी लावल्या. हे मात्र सगळ्यांनी करावं असं मला वाटते, एका आठ-पिनला १५० वॅटचं रेटिंग असते आणि मोठं कार्ड एकाच वायरीवर लटकवणं काही बरं नाही. पण बंद पडणं काही थांबलं नाही. मित्राचा ७५० वॅटचा पीएसयू मागून आणला, तोही लावून पाहिला, पाऊण तासात ढप्प.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं तर दर वेळी तेच, कर्नल-पॉवर ४१. इंटरनेटवर हा नंबर टाकला की हजार लोक हजार कारणं सांगतात. खरं म्हणजे त्या ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं होतं. का पडलं ते त्याला माहीतच नसते, सुरू झाल्यावर मागे वळून लिहिलेली नोंद असते ती. डिटेल्समध्ये बगचेककोड ० होता. निळी स्क्रीन आली असती तर तिथे काहीतरी आकडा दिसला असता. शून्य म्हणजे विंडोजला मरताना ओरडायला पण वेळ मिळाला नाही, वीजच गेली. हे मी तेव्हा वाचलं होतं, समजलंही होतं, आणि तरी वीज म्हणजे पीएसयू एवढंच डोक्यात बसलं होतं.

शेवटी पीसी चादरीत गुंडाळून, ॲक्टिव्हाच्या पुढे पायाशी ठेवून त्रिमूर्ती नगरहून बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दुकानात नेला. दुपारी दोन वाजता. शंकर नगरच्या सिग्नलवर मला पीसीपेक्षा माझी काळजी वाटली. दुकानवाल्या दादाने विचारलं, "कूलर कोणता आहे?" आणि मी उन्हातून आलेला माणूस, सांगून मोकळा झालो की घरचाच आहे, लोखंडी, तीन फुटी. तो हसून हसून थकला. त्याला प्रोसेसरवरचा कूलर विचारायचा होता. असो. त्याने फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारा प्रोग्राम) लावून तीन-चार तास ठेवला, गेमही लावून पाहिला, एकदाही बंद नाही पडला. पाचशे रुपये घेतले आणि म्हणाला, "काही नाही भाऊ यात, घेऊन जा." घरी आणला, संध्याकाळी लावला, वीस मिनिटांत ढप्प.

तेव्हा माझं डोकं सरकलं आणि मी कार्ड विकणाऱ्या पोराला लांबलचक मेसेज टाकला. काय लिहिलं ते इथे सांगत नाही. त्याने एवढंच लिहिलं, "भाऊ, माझ्याकडे दीड वर्ष चाललं, एकदा बी बंद नाही पडलं." मी ब्लू टिक देऊन सोडून दिलं.

उलगडा केला तो आठवीतल्या मावसभावाने. सुट्ट्यांत वर्ध्याहून आला होता, दिवसभर माझ्या मागे बसून आंबे खात खेळ पाहायचा. एका संध्याकाळी पीसी बंद पडून सुरू झाला आणि तो म्हणाला, "दादा, हा टीव्ही पण बंद होते का? दर वेळी कंपनीचं नाव येऊन राहिलं त्याच्यावर." मी म्हटलं गप बस बे. मग दोन मिनिटांनी टाळकं चाललं. मॉनिटरवर कंपनीचा लोगो कधी येतो? मॉनिटरची वीज जाऊन परत आली की. पीसी नुसता रीस्टार्ट झाला तर मॉनिटर सुरूच असतो, नो सिग्नल दाखवतो फार तर. म्हणजे पीसीसोबत मॉनिटर पण मरत होता, आणि दोघांत कॉमन काय, तर टेबलाखाली धूळ खात पडलेला यूपीएस, लाइन गेली की बॅटरीवर वीज देणारा डबा.

यूपीएस बाहेर ओढून मागचं स्टिकर वाचलं. ६०० व्हीए, ३६० वॅट. हा घेतला तेव्हा पीसीत १६५० होतं, ते बिचारं ७५ वॅटचं कार्ड. ३०७० एकटंच २२० वॅटचं, वर रायझन ५ ५६०० पूर्ण जोरात ७६ पर्यंत जातो, मग बोर्ड, फॅन, मॉनिटर, पीएसयूमध्ये उष्णतेत जाणारे वॅट वेगळे, सगळं धरून चारशेच्या वर. लाइन व्यवस्थित असेल तोवर यूपीएस वीज नुसती पुढे ढकलतो म्हणून तो हे ओझं सहन करून घेत होता. पण क्षणभर जरी बॅटरीवर गेला की ओव्हरलोड, आणि सरळ मान टाकायची. व्हॅलोरंटमध्ये किंवा नुसतं ब्राउझर सुरू असताना लोड कमी, तेव्हा तो एखादा सेकंद बॅटरीवर जाऊन गुपचूप परत येत असणार आणि मला पत्ताच नाही. बीप करतो ना तो, बरोबर आहे, पण आमच्या कूलरच्या आवाजात शेजारची वरात ऐकू येत नाही तर बीप कुठून येणार, वरून माझ्या कानाला हेडफोन. आणि आपोआप सुरू व्हायचा ते कारण लाइन गेली-आली की पीसी स्वतः चालू व्हावा हे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) मीच कधीतरी ऑन करून ठेवलं होतं.

पण मग बॅटरीवर जायचाच कशाला, लाइन तर जात नव्हती. दुसऱ्या दिवशी कूलर बंद ठेवून, हेडफोन न लावता, घामाने ओला होत खेळलो. चाळीस मिनिटं काही नाही. मग आईला म्हटलं कूलरचं बटन दाब. तिने दाबलं, बोर्डात चर्र झालं, यूपीएसमध्ये टक, एक लांब बीप, आणि सगळं काळं. आई म्हणाली, "आता माझ्यावर नको ढकलू." मी मात्र खुर्चीतून उडी मारून नाचलो.

वायरमन काकांना बोलावलं. कूलर आणि पीसी एकाच बोर्डावर, सॉकेट उघडलं तर आतून काळंठिक्कर, प्लास्टिक वितळलेलं आणि न्यूट्रलची वायर स्क्रूमध्ये नुसती टेकलेली. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, तेवढ्यात त्या ढिल्या जागी व्होल्टेज पडायचं आणि यूपीएसला वाटायचं लाइन गेली. संध्याकाळभर कूलर चालून ती जागा तापली की मग बटन न दाबता पण व्हायचं. होळीपर्यंत ठीक चाललं कारण होळी झाल्यावरच आमच्याकडे कूलर निघतो. बर्डीवर चार तास काही झालं नाही कारण मी दुकानात पीसी नेला होता, यूपीएस आणि बोर्ड घरीच. काका म्हणाले, "पीसीचं सोड, एखाद दिवशी पडदा पेटला असता ना बापू." हे ऐकून आईने त्या दिवसापासून घरातले सगळे बोर्ड हात लावून तपासायचं व्रत घेतलं आहे, त्यात गीझरचं एक अजून सापडलं.

कूलरला वेगळी वायर ओढून १६ अँपिअरचं सॉकेट लावलं, पीसीचं सॉकेट बदललं, आणि ११०० व्हीएचा, म्हणजे ६६० वॅटचा यूपीएस घेतला. लावल्यावर पहिलं काम हे केलं की फरमार्क सुरू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला. बीप बीप करत चालू राहिला. हीच टेस्ट पहिल्या आठवड्यात केली असती तर पेस्ट, पेट्रोल आणि पाचशे रुपये वाचले असते. त्यानंतर मे महिना पूर्ण गेला, एकदाही बंद नाही.

कार्डवाल्या पोराला मेसेज टाकला, सॉरी भाऊ, कार्ड ठणठणीत आहे, यूपीएस छोटा पडत होता. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, "हाव का? मग तो छोटा यूपीएस विकतो का?" मी म्हटलं नाही बे, त्याच्यावर आता बाबांचा राउटर आहे.