ऑपरेशन की औषधं?

दुपारी कॅज्युअल्टीत पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकलेली, अंगात ताप. सीटीत अपेंडिक्स सुजलेलं, पण फुटलेलं नाही, आत खडाही नाही. वडिलांचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, चिरफाड न करता भागेल का?"

भागतं, पुष्कळदा. आधी शिरेतून अँटिबायोटिक्स, मग गोळ्या. पण फिनलंडमधल्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना ५ वर्षांत पुन्हा त्रास झाला, त्यातल्या बहुतेकांना पहिल्याच वर्षी. खडा असता तर हा पर्याय मी इतक्या मोकळेपणाने मांडलाच नसता. दुर्बिणीच्या ऑपरेशनने हे दुखणं मुळातूनच जातं. मात्र भूल आली, खर्च आला, काही आठवडे धावणं बंद.

सगळं ऐकून वडील म्हणाले, "तुम्हीच ठरवा, साहेब." (या वाक्याचा मोह फार वाईट. पाच मिनिटांत काम उरकतं.) मी मुलाला विचारलं, ग्राउंड (भरतीची मैदानी चाचणी) कधी आहे? "अजून तीन महिने आहेत सर. ऐन ग्राउंडला दुखलं तर वर्ष गेलं. काढूनच टाका."

आई अजूनही गोळ्यांवरच अडून आहे. फॉर्मवर सही मुलाने केली. रात्री ऑपरेशनला घेतोय.