आमची वाटचाल : स्विच बदलण्यापासून स्विच दुरुस्तीपर्यंत

रत्नागिरीतलं आमचं वर्कशॉप सुरू झालं ते मोटारसायकलींच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगवर. हँडलवरचा स्विच अडकला की असेंब्ली, म्हणजे स्विचचा अख्खा संच बदलायची, एवढाच तेव्हाचा रिवाज. पण यामाहाची आरएक्स १०० बंद झाली १९९६ मध्ये, म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी थांबला. पुढे या गाड्यांचे मूळ स्विच दुर्मिळ होत गेले. डुप्लिकेट असेंब्लीत कॉन्टॅक्टचा पत्रा पातळ येतो, वायरींचे रंग जुळत नाहीत. म्हणून मूळ स्विचच उघडून साफ करायला लागलो, आणि आज त्यासाठी स्वतंत्र टेबल आहे.

अडकणारा स्विच बहुतेक वेळा झिजलेला नसतोच. कारखान्यात भरलेलं ग्रीस वर्षानुवर्षांत वाळतं, त्यात धूळ बसते आणि त्याचा डिंक होतो. कोकणात वर खारी हवा, चार महिने पाऊस. पितळी पट्ट्यांवर हिरवा कळंक चढतो. बटण जड होणं आणि करंट नीट न जाणं हे दोन वेगळे दोष आहेत, एकत्र दिसले तरी.

त्यामुळे उघडण्याआधी मोजतो. हॉर्न दाबून किंवा लाइट लावून स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज बघायचं. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं की स्विच उघडायचा. हेडलाइट बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) चालत असेल तर इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर घ्यावा. नुसत्या ओहमच्या, म्हणजे रोधाच्या मापावर विसंबू नये. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, म्हणून खराब कॉन्टॅक्टही चांगला दिसतो. ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टला जवळजवळ ३ अँपिअर ओढतो. स्विचमध्ये १ व्होल्ट अडला तर तिथेच सुमारे ३ वॉट उष्णता होते आणि प्लास्टिक वितळायला लागतं.

आता उघडणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. जपानी बनावटीच्या स्क्रूला जेआयएस (जपानी मानकाचा) पेचकसच लावावा, साधा फिलिप्स घसरून खाच खातो. आतला संच पारदर्शक पिशवीत धरून सोडवायचा, कारण इंडिकेटरच्या सरकपट्टीखाली स्प्रिंगवर छोटा छर्रा असतो आणि तो उडाला की शोधण्यात सकाळ जाते. प्रत्येक थराचा फोटो घेतल्याशिवाय पुढचा थर काढत नाही.

जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने निघतं. पेट्रोल आणि थिनर टेबलावर ठेवतच नाही. प्लास्टिक मऊ पडतं, तडकतं. काळे पडलेले कॉन्टॅक्ट पेन्सिलच्या खोडरबराने, फारच झालं तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच. जाड पेपर मारला की वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पट्टी पुन्हा हिरवी. कळंक दाट असेल आणि पट्टी सुटी निघत असेल तर १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम लिंबूसत्व घालून पाच मिनिटं बुडवायची, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात, आणि पूर्ण वाळवायची. स्प्रिंग आणि छर्रा त्यात टाकू नये, पोलाद गंजतं.

तुटकी वायर २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर करायची, दोन-तीन सेकंदांत. जास्त वेळ टेकवलं तर खालचा प्लास्टिक पाया वितळतो आणि कॉन्टॅक्ट तिरका बसतो. मग सरकपट्टी आणि छर्र्याला सिलिकॉन ग्रीस, कॉन्टॅक्टवर अगदी पातळ थर. ग्रीस थापलं की धूळ तिथेच जमते.

घरी सर्रास होतं ते म्हणजे फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारणं. बटण लगेच मोकळं होतं, गिऱ्हाईक खूश. पण स्प्रे उरलंसुरलं ग्रीस धुऊन मळ आत नेतो आणि काही आठवड्यांत बटण आधीपेक्षा जड होतं.

किल स्विचला, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाला, आम्ही जास्त वेळ देतो. काही गाड्यांत तो इग्निशनचा पुरवठा तोडतो. तिथे कळंक चढला की गाडी चालता चालता आचके देते. काहींत तो स्पार्कची लाइन अर्थला जोडतो; तिथे आत ओल शिरली तरी गाडी बंद पडते. वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय हा दोष सांगता येत नाही.

बसवताना हाउसिंगची (स्विचच्या बाहेरच्या कवचाची) खुंटी हँडलच्या भोकात बसली की मगच स्क्रू आवळावेत, नाहीतर हाउसिंग चिरतं. शेवटी हॉर्न दाबून ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. आवाज तुटला तर स्विच निर्दोष आहे, वायर हँडलच्या मानेजवळ आतून तुटली आहे.

एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे त्याचा स्विचच गेला. अलीकडच्या अनेक गाड्यांत बटणातून फक्त कंट्रोल युनिटला संदेश जातो, करंट अगदी किरकोळ. तिथे पॉलिश पेपर लावत नाही. अल्कोहोल, कापसाची काडी आणि नवं रबरी सील, एवढंच काम करतो.