आमच्या राईस मिलीचं पाणी

नोटीस आली तेव्हा धानाचा हंगाम ऐन भरात होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पत्र, १९७४ च्या जल कायद्याखालचं. मिलीबाहेर सोडलेल्या पाण्याचा नमुना मर्यादेबाहेर, मिल बंद का करू नये याचा १५ दिवसांत खुलासा द्या. पत्र खिशात घातलं आणि आधी नाल्यावर गेलो.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातली आमची मिल उसना तांदूळ काढते. म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. बाबांच्या काळापासून धान गार पाण्याच्या हौदात दोन-अडीच दिवस पडून असायचं. तेवढ्या वेळात दाण्यातलं सत्त्व पाण्यात उतरतं, पाणी आंबतं, वास सुटतो. ते सगळं नाल्यात जायचं. नाल्याकाठी बांधी, म्हणजे धानाचं शेत, असलेल्या एका काकूंनी मला दोन वर्षं आधीच सांगितलं होतं, "भाऊ, तुमच्या मिलीचं पानी आलं का आमची म्हैस नाल्यात तोंड घालत नाई." मी ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

नोटिशीनंतर सल्लागार गाठला, कर्ज काढलं, मिलीमागे टाक्या बांधल्या. एकीत गाळ बसवायचा, चुन्याने आंबटपणा मारायचा, दुसरीत हवा सोडायची. तरी पहिला नमुना नापास झाला. टाक्यांना पेलवेल त्याहून जास्त घाण येत होती.

तेव्हा आमचे बॉयलरचे मिस्त्री म्हणाले, "बाहेर धूत बसण्यापरीस आतच कमी निघंल असं करा ना, भाऊ." त्यांनी दुसऱ्या गावच्या मिलीत गरम भिजवण पाहिली होती. पाणी ६० ते ७० अंशांवर ठेवलं की धान तीन-चार तासांत भिजतं, आंबायला सवडच मिळत नाही. ही काही नवी गोष्ट नव्हती. मैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ही पद्धत कित्येक दशकांपूर्वीच बसवून दिली आहे. बॉयलर आमच्याकडे होता, तो मिलीच्याच भुशावर चालतो, आणि क्विंटलभर धानामागे २० किलोच्या आसपास भुसा निघतोच. मग इतकी वर्षं आम्ही का थांबलो?

यावर मी खूप विचार केला. घाणीचा खर्च आमच्या वहीत कधी चढलाच नव्हता. तो काकूंच्या वहीत चढत होता, म्हशीला दुरून पाणी आणण्यात. नोटिशीने तो आमच्या पानावर आणला. माझी भाची नागपूरला एमबीए करते, तिने अमेरिकेतले व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांचं १९९० च्या दशकातलं म्हणणं सांगितलं: नियम नीट आखलेला असेल तर तो उद्योगाला नवं काही शोधायला लावतो आणि त्यातून खर्चही भरून निघू शकतो. आमच्यापुरतं मला हे अर्धंच पटतं. नियमाच्या धाकाने आम्ही फक्त टाक्या बांधल्या. मिलीच्या आतलं काम बदललं ते मिस्त्रींमुळे, आणि आपलं म्हणणं मालक ऐकेल असं त्यांना वाटलं म्हणून.

गरम भिजवण एका झटक्यात जमली नाही. पहिल्या घाण्याला तापमान वर गेलं, दाणे उकलले आणि पाणी उलट जास्तच गढूळ झालं. सरकारी भरडाईत, म्हणजे सरकारचं धान भरडून देताना, क्विंटलभर धानामागे ६८ किलो उसना तांदूळ जमा करावा लागतो, त्यामुळे दाणा बिघडला की थेट आमच्या अंगावर येतं. मग प्रत्येक हौदाला थर्मामीटर लावला आणि रात्रपाळीच्या पोरांना दर अर्ध्या तासाने आकडा लिहायला लावला. महिनाभराने हात बसला. दुसरा नमुना पास झाला, मिल चालवायला मंडळाचं जे संमतीपत्र लागतं त्याचं नूतनीकरणही झालं.

केरळात माल नेणारे आमचे व्यापारी तांदूळ हुंगून म्हणाले, या खेपेला वास नाही. पुढची गाडी त्यांनी न मागता वाढवली. गरम भिजवणीला बाबांचा विरोध होता, तो त्या दिवसापासून संपला.

राखेचं काम अजून बाकी आहे. भुशाची राख हलकी असते, वारा सुटला की शेजारच्या बांध्यांवर जाऊन पडते. सध्या ती ओली करून झाकून ठेवतो. वीटभट्टीवाल्यांशी बोलणं चालू आहे. पऱ्हे (धानाची रोपं) टाकायच्या आत ती उचलली जावी, असं मी काकूंना सांगून आलोय.