‘सिन्स’ चुकतं ते ‘पासून’मुळे

‘सोमवारपासून ताप आहे.’ ‘तीन दिवसांपासून ताप आहे.’ ‘उद्यापासून सुट्टी आहे.’ मराठीत तिन्हीकडे एकटं ‘पासून’ पुरतं. इंग्रजीला इथे तीन शब्द लागतात: सिन्स, फॉर आणि फ्रॉम. आपण मात्र सगळीकडे ‘सिन्स’ ठोकून मोकळे होतो.

‘सिन्स’पुढे सुरुवात कधी झाली ते येतं: सिन्स मंडे, सिन्स २०१५, सिन्स धिस मॉर्निंग. किती काळ गेला हे सांगायचं असेल तर ‘फॉर’: फॉर थ्री डेज. म्हणून ‘सिन्स थ्री डेज’ चूक. आणि सुरुवात होऊन गेलेली हवी, त्यामुळे ‘सिन्स टुमारो’ कधीच नाही. तिथे ‘फ्रॉम टुमारो’.

खरी गोची पुढे आहे, क्रियापदात. ‘मी २०१५पासून इथे काम करतोय’ यात आपलं क्रियापद चालू वर्तमानकाळात असतं, म्हणून तोंडातून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१५’ निघतं. इंग्रजी मात्र तेव्हापासून आजपर्यंतचा अख्खा पट्टा क्रियापदात दाखवते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१५’. पण ‘नो’ (ओळखणं) यासारख्या क्रियापदांना ‘इंग’ चालत नाही, म्हणून ‘आय हॅव नोन हर सिन्स २०१५’. ‘हॅव बीन नोइंग’ नव्हे. ‘सिन्स’नंतर अख्खं वाक्य आलं तर त्यात बहुधा साधा भूतकाळ असतो: ‘सिन्स आय जॉइन्ड’. ‘भेटून दहा वर्षं झाली’ याला मात्र ‘इट इज टेन इयर्स सिन्स वी मेट’ चालतं, चक्क ‘इज’सकट. ‘हॅज बीन’ही चालतं.

‘सिन्स’ला ‘ज्याअर्थी’, ‘म्हणून’ असाही अर्थ आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ ‘त्यानंतर’ असा होता. आधी घडलेलं तेच कारण, असं मानत कारणाचा अर्थ मागाहून चिकटला. ‘सिन्स’ कारण सांगतो, पण बहुधा समोरच्याला आधीच ठाऊक असलेलं. त्यामुळे ‘व्हाय?’ला नुसतं ‘सिन्स…’ असं उत्तर देता येत नाही, तिथे ‘बिकॉज’च लागतं.

दोन अर्थ एकमेकांत अडकतात ते अशा वाक्यात: ‘सिन्स शी लेफ्ट, ही हॅज बीन वर्किंग लेट’. ती गेल्यापासून तो उशिरापर्यंत काम करतोय, की ती गेली म्हणून? वाक्यावरून कळत नाही. ऑफिसच्या मेलमध्ये कारण सांगायचं असेल तर सरळ ‘बिकॉज’ लिहावं, काळ सांगायचा असेल तर ‘एव्हर सिन्स’.