खड्यांची बरणी

डिसेंबर उजाडला की आमच्या जुन्या स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ येते: "वीस तारखेला सूप घेऊन या." वेळ, जागा काही नाही. कुणी विचारतही नाही. ज्याला माहीत आहे तो येतो, ज्याला जमत नाही तो "या वर्षी माझ्या वाटणीचे खडे राखून ठेवा" असं लिहितो.

कॉलेजच्या कागदोपत्री या रात्रीचं नाव 'धान्य संकलन व वितरण उपक्रम, राष्ट्रीय सेवा योजना विभाग' असं आहे. आम्ही तिला नुसतं 'निवडण' म्हणतो, कारण गावातून गोळा केलेलं धान्य सुपात पाखडून त्यातले खडे निवडायचे असतात. गॅदरिंगला मी एकदाही स्टेजवर गेलो नाही, स्नेहसंमेलनातल्या फिशपाँडांना तर घाबरूनच असायचो. पण निवडण म्हटलं की अजूनही रजा टाकून जातो.

राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, मी गेलो तो दहा मार्कांसाठी. खोटं कशाला बोला! १९९६ साली आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी फॉर्म भरला तो त्याच हिशोबानं. पहिल्या बैठकीत सरांनी इतिहास सांगितला: गांधी शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. आम्ही मागच्या बाकावर जांभया देत होतो. मग म्हणाले, "वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. तास मी मोजणार. मार्क नंतर." त्यांच्या खिशात एक छोटी लाल डायरी असायची. तुम्ही झाडाखाली गप्पा मारत बसलात तर तेवढा वेळ त्या डायरीत येत नसे, हे पहिल्या आठवड्यातच कळलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोती घेऊन गावात फिरायचो. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एका अंगाला उसाचा पट्टा, दुसऱ्या अंगाला माळरान. दारात गेलं की आधी आजी विचारायची, "कुणाचा रं तू?" मग पदराला हात पुसत आत जायची आणि सुपातून, तांब्यातून, ओंजळीतून काहीतरी आणायची. कुठे ज्वारी, कुठे बाजरी, कुठे गहू, कुठे रेशनचा तांदूळ. चार पोती वेगवेगळी धरायची असा नियम होता, पण तिसऱ्या गल्लीपर्यंतच तो टिकायचा. संध्याकाळी पोत्यात हात घातला की सगळ्या गावाची मिसळ हाताला लागायची.

आणि लोक काय काय देतात! घराला नवा रंग देताना फळीवरून निघालेलं जुनं धान्य, टोके पडलेला गहू, जाळी धरलेला तांदूळ. एका मोठ्या बंगल्यातून एकदा बिस्किटांची पेटी आली, दिलेल्याचा फोटोही काढून घेतला गेला. पुड्यांवरची तारीख चार महिन्यांपूर्वी उलटून गेली होती. आणि पत्र्याच्या खोलीतल्या एका बाईनं चिपटंभर, म्हणजे धान्य मोजायचं एक छोटं माप भरून, बाजरी दिली, ती इतकी स्वच्छ की पोत्यात टाकायला हात होईना. आता वाटतं, माणसं ओळखायला मी जे काही शिकलो ते त्या पोत्यांत हात घालून.

मग वीस डिसेंबर. गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी बाबा गेले. हॉलमध्ये त्यांच्या तसबिरीला हार घालायचा, पण त्याआधी हॉल झाडायचा. बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, मग भाकरीचं बोलत. सरांनी तेवढंच उचललं होतं. भाषण नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. एकदा एका पुढाऱ्याला बोलवावं असा विषय निघाला, तर सर म्हणाले, "बोलवा की. सूप आणायला सांगा." तो विषय पुन्हा निघाला नाही.

सतरंज्या अंथरायच्या, मध्ये धान्याचा ढीग, भोवती पोरं-पोरी मांडी घालून. वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशी त्या रात्री आमच्या प्राचार्य. पहिल्या वर्षी मी सूप हातात धरलं ते क्रिकेटची बॅट धरावी तसं. मावशींनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आरं, धान्याला मारायचं न्हाई, उडवायचं. आन् ते उडालं की त्याच्याखाली जायचं, पुढं न्हाई." मग माझ्या मागून हात घालून त्यांनी सूप धरलं. फट्‌, फट्‌, आणि एक हलका झोका. भुसा पुढच्या काठावरून उडून गेला, दाणे मागे गोळा झाले, आणि मधल्या मधे, जणू कुणी बोलावल्यासारखे, खडे एका कोपऱ्यात येऊन बसले. मी पाखडलं तेव्हा दाणे सतरंजीवर आणि भुसा माझ्या केसांत. पलीकडे बसलेल्या बीएस्सीच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. त्यातली एक पुढे माझी बायको झाली, पण तो वेगळा विषय आहे.

पाखडून झालं की चाळायचं, चाळून झालं की परातीत घेऊन बोटांनी निवडायचं. ज्वारीतला पांढरा खडा दिसतच नाही, तो बोटाला कळतो. दाणा गरम वाटतो, खडा गार. हे मला मावशींनी सांगितलं आणि मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असून ते का होतं हे मला चटकन सांगता आलं नाही.

आठ वाजेपर्यंत पायलीभर निवडलेली मिसळ गिरणीत जायची. तिच्या भाकऱ्या आणि मटकीची उसळ, हे त्या रात्रीचं जेवण. सरांचा हा एकच हट्ट होता: जे वाटणार त्यातलं आधी आपण खायचं. पहिल्या वर्षी पहिल्याच घासाला माझ्या दाढेखाली कच्चकन आवाज झाला. मी गुपचूप गिळणार तोच सर समोर येऊन उभे. हात पुढे केला. मी तळहातावर खडा ठेवला. त्यांनी तो धुवून टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकला. लोणच्याची जुनी बरणी ती. त्या वर्षी निवडलेले सगळे खडे त्यात, वर चिठ्ठी, साल आणि माप. शेजारी आदल्या वर्षांच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या.

हे वेड सरांना कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही आम्ही फार मागे लागलो म्हणून. सर दुष्काळी माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर, घरी रेशनचा लाल मिलो, ज्वारीसारखं धान्य. अमेरिकेतून आलेला. "भाकरी थापली की फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही," सर म्हणाले. "कामावर सुकडी मिळायची, त्यात कधी कधी खडे. आई म्हणायची, फुकटचं आहे, निवडून खा. मला तेव्हा वाटायचं, ज्यानं पाठवलं त्यानं एकदा खाऊन बघितलं असतं तर?" पुढच्याच वर्षी, १९७३ ला, ते कॉलेजात एनएसएसमध्ये गेले. त्या वर्षीच्या शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा होता. शिक्षण सगळं वसतिगृहात राहून, 'कमवा आणि शिका' करत. कर्मवीर भाऊरावांनी मुष्टिफंडातून, घराघरातल्या मूठ-मूठ धान्यावर, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवू घातली, ही गोष्ट आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली होती. सर त्या परंपरेतल्याच मुठींवर वाढलेले. त्या मुठींत खडे होते का, हे आम्ही काही विचारलं नाही.

सगळंच काही गोड नव्हतं. माझ्या दुसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी सरांना न विचारता शहाणपणा केला. मंगल कार्यालयात उरलेला मसालेभात रात्री अकराला दोन मोठ्या पातेल्यांत उचलून आणला, सकाळी जिल्ह्याच्या दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना वाटू म्हणून. झाकणं घट्ट लावली, खोलीत ठेवली आणि मोठ्या समाधानानं झोपलो. सकाळी झाकण काढलं तर वर बारीक फेस आणि वास असा की एक जण बाहेर पळाला. सर आले. ओरडले नाहीत. बागेत खड्डा खणायला लावला, सगळा भात त्यात पुरायला लावला आणि डायरी काढून आमच्या नावापुढे उणे चार तास लिहिले. उणे तास! असा नियम कुठल्या परिपत्रकात होता देव जाणे. गरम अन्न झाकून ठेवलं की ते रात्रभर कोमटच राहतं आणि कोमटातच खराबी वाढते, उथळ ताटांत पसरून लवकर गार करायचं नाहीतर तासा-दोन तासांत वाटून टाकायचं, हे त्या खड्ड्याच्या काठावर शिकलो. आता २०१९ पासून उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी देशभर रीतसर नियम आहेत. आमच्यासाठी खड्डा होता.

त्याच वर्षी निवडलेलं धान्य घेऊन आम्ही ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेलो. हंगाम ऐन भरात. बीडकडची माणसं, बैलगाड्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या. आम्ही बॅनर घेऊन गेलो होतो, हे सांगायला आजही लाज वाटते. एका म्हाताऱ्या आजीनं पोत्यातले दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, म्हणाली, "ज्वारी चांगली निवडलीय." आम्ही खूश. मग तिनं दाणे परत पोत्यात टाकले. "पर आमी कमवून खातो, बाबा. हे ज्याला हात न्हाईत त्याला द्या. तुमी शिकलेली हाईत, तर पोरान्ला चार अक्षरं शिकवा. ही दिसभर फडात हिंडत्यात." आम्ही सरांकडे पाहिलं. सर बॅनर गुंडाळत होते.

त्या हंगामात आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही कंदिलाच्या उजेडात तिथे बाराखडी घेतली. तास मोजायचं मात्र आम्ही विसरलो. डायरीत ते बरोबर उतरले होते.

धान्य मग नेहमीप्रमाणे दवाखान्याच्या बाहेर रोज पिठलं-भाकरी वाटणाऱ्या एका छोट्या मंडळाला आणि निराधार वृद्धांच्या आश्रमाला जाऊ लागलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नेऊन द्यायचं, मोजून द्यायचं, पावती घ्यायची.

सरांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी गेल्या. त्यांचं सूप शेणानं सारवून अजून मेसमध्ये टांगलेलं आहे, ते कुणी वापरत नाही. निवडण मात्र चालू आहे. जुने आठ-दहा जण येतो, कुणी बँकेतला, कुणी एसटीत, एक जण तर आता त्याच कॉलेजात कार्यक्रम अधिकारी. नवी पोरं फोनवर गाणी लावून निवडतात. आम्हाला ते खटकतं, मग आम्हीही गुणगुणायला लागतो. जुन्या पोरांनी नव्यांना सूप धरायला शिकवायचं असा रिवाज आहे. मी शिकवतो तेव्हा मावशींचंच वाक्य तोंडून निघतं, त्यांच्याच हेलात, आणि पोरं हसतात.

धान्य कमी झालंय हे खरं. घरोघरी आता पिठाच्या पिशव्या, तयार पाकिटं. दारात गेलं तर "ऑनलाइन पाठवू का?" विचारतात. दुकानातून आलेला तांदूळ यंत्रात निवडलेला. परात घेऊन बसलं तरी तासाभरात काम उरकतं, मग गप्पाच जास्त.

गेल्या वर्षी जेवण झाल्यावर नेहमीसारखा हिशोब झाला. सर खुर्चीत बसलेले, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर परात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून बोटांनीच निवडत होते. दुसऱ्या वर्षाच्या एका पोरानं उभं राहून वाचलं: ज्वारी इतक्या पायल्या, गहू इतक्या, तांदूळ इतका. शेवटी बरणी उचलून म्हणाला, "आणि खडे, एक मूठ."

सरांनी मान वर केली.

"कुणाची मूठ?" ते म्हणाले. "चिपट्यानं मोज."